गाडीतून न उतरता ओलांडायचं फाटक

प्रश्न : कुरणात दिवसातून आठ-दहा वेळा ट्रॅक्टर न्यावा लागतो. दरवेळी उतरायला नको म्हणून दोन आडव्या दांड्यांचं, तारा लोंबणारं विजेचं फाटक बसवलं. ट्रॅक्टर दांड्या ढकलत पार होतो, त्या आपोआप जागेवर येतात. सुरुवातीला गाई जवळ फिरकत नव्हत्या. आता दोघी खुशाल बाहेर येतात. झटका मशीनपाशी 6,000 व्होल्ट भरतात. मोठं मशीन घेऊ का? आणि उघड्या ट्रॅक्टरवर बसणाऱ्याला झटका बसेल का?

उत्तर : मशीन बदलायची घाई करू नका. मशीनपाशी 6,000 भरतात यावरून मशीन ठीक आहे एवढंच कळतं. मीटर लोंबत्या तारेच्या टोकाला लावून बघा. गाईंसाठी तिथे किमान 3,000 व्होल्ट हवेत. मी स्वतः 4,000 असल्याशिवाय फाटकावर विसंबत नाही.

माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं. खांबापासून दांडीकडे जाणारी लवचीक तार रोजच्या हेलकाव्यांनी आतून तुटली होती, वरचं आवरण शाबूत. मी मशीनचा लुकलुकणारा दिवा बघून निश्चिंत. एका कालवडीने नाक लावून पाहिलं, काही झालं नाही, ती निघाली. पहाटे नऊ जनावरं शेजाऱ्याच्या उभ्या पिकात होती. त्या नुकसानीचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून रोज सकाळी पहिला हात मीटरला.

तुमच्याकडची ती लवचीक तार ठीक असेल तर फाटकाखालून गेलेली केबल तपासा. ती 20,000 व्होल्टच्या आवरणाची हवी, तीही पाइपातून. घराच्या फिटिंगची वायर एवढ्या व्होल्टसाठी नसते. ओल्या मातीत तिच्यातून वीज गळते. तारांना गवत टेकत असेल तर तेही कापा.

मग अर्थिंग. माझ्या मते निम्मी फाटकं इथेच फसतात. झटका तारेतून गाईच्या अंगात, खुरांतून जमिनीत आणि जमिनीतून सळईवाटे मशीनकडे परततो, तेव्हाच तो बसतो. जमीन सुकली की ही वाट अडते आणि चांगलं मशीनही निकामी वाटतं. जस्ताचा मुलामा दिलेल्या 2 मीटरच्या किमान तीन सळया, एकमेकींपासून 3 मीटरवर, शक्यतो ओलाव्याच्या जागी ठोका. फाटकाखालची जमीन कायम कोरडी राहत असेल तर तिथे लोखंडी जाळी पुरून अर्थिंगला जोडा.

ट्रॅक्टरवाल्याबद्दल. टायर रबरी असल्याने ट्रॅक्टर जमिनीपासून तुटलेला असतो, म्हणून एरवी झटका जाणवत नाही. पण मागचं अवजार किंवा साखळी जमिनीला टेकली असेल आणि तार माणसाच्या हाताला लागली, तर झटका बसणारच. अवजार उचलून, माणसाच्या चालीने पार व्हा. फाटकात असताना खाली पाय टेकू नका. सायकल, दुचाकी आणि पायी येणाऱ्यांसाठी शेजारी साधं फाटक हवंच, आणि धोक्याची पाटी दोन्ही बाजूंनी. घरच्या विजेची तार सरळ कुंपणाला जोडायचा विचारही नको. प्रमाणित मशीन सेकंदाला फार तर एकदा, क्षणभराचा झटका सोडतं. थेट वीज जीव घेते.

कळप हलवायचा असेल तर तोही त्या साध्या फाटकातूनच. झटका खाल्लेली गाय दांड्या बाजूला बांधल्या तरी ती रेघ ओलांडायला बिचकते, आणि मागून रेटली की बिथरते.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही : या फाटकापलीकडे वाहता रस्ता आहे का? असेल तर हे फाटक तिथून काढाच. गाईला अडवते ती झटक्याची भीती, दांडी नव्हे. मागे कुत्रं लागलं किंवा वासरू पलीकडे हंबरलं तर ती भीती विसरून घुसते. आतल्या दोन कुरणांमध्ये मात्र ते उत्तम चालतं. दूध काढण्याच्या वेळी गाई जिथे दाटी करतात ती जागाही टाळा.

राहिल्या तुमच्या त्या दोघी. त्यांना ‘काही होत नाही’ हे कळलंय आणि बाकीच्या बघतायत. दुरुस्ती होईपर्यंत त्यांना भक्कम कुंपणाच्या आवारात ठेवा. आत एक चालू तार त्यांच्या नाकाच्या उंचीला बांधा आणि दोघी आपणहून नाक लावून मागे सरेपर्यंत थांबा. हाकून तारेवर घालू नका. घाबरलेलं जनावर मागे न हटता पुढे उडी घेतं.