सगळं एकाच पूलमध्ये टाकू का?

प्रश्न : नमस्कार सर, अंबड एमआयडीसीत ऑटो पार्ट्सच्या कंपनीत आयटी बघतो. नवीन आयबीएम फ्लॅशसिस्टीम (डेटा साठवायचं फ्लॅश स्टोरेज) आलीय, बारा ड्राइव्ह. व्हेंडरचा माणूस म्हणतो सगळ्या ड्राइव्हची जागा एकत्र करून डेटा रिडक्शन पूल (डेटा दाबून कमी जागेत ठेवणारा) करा, जागा डायरेक्ट तिप्पट. ईआरपीचा डेटाबेस, चाळीसेक व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) आणि सीसीटीव्ही, सगळं यावरच ठेवायचंय. हा पूल करू की स्टँडर्ड?
– एक वाचक, अंबड

उत्तर : अहो, पूल अजून बनवला नसेल तर दोन दिवस थांबा. स्टँडर्डचा नंतर डेटा रिडक्शन करता येत नाही, उलटंही नाही. दुसरा पूल बनवून एकेक व्हॉल्यूम (सर्व्हरला दिसणारी डिस्क) मिररिंगने, म्हणजे तिकडे जुळी कॉपी करून, न्यावा लागतो, आणि बाराही ड्राइव्ह पहिल्याच पूलमध्ये घातलेत तर दुसरा बनवणार कशावर?

आधी ड्राइव्ह कोणते ते बघा. आयबीएमचे स्वतःचे फ्लॅशकोअर मॉड्यूल असतील तर कॉम्प्रेशन (डेटा दाबणं) ड्राइव्हच्या हार्डवेअरमध्येच होतं, म्हणजे स्टँडर्ड पूलमध्येही जागा वाचतेच. मग डेटा रिडक्शनमध्ये जास्तीचं मिळतं ते मुख्यतः डिड्युप, म्हणजे सारखा डेटा एकदाच ठेवणं. चाळीस व्हीएम एकाच टेम्प्लेटमधून काढले असतील तर त्याचा उपयोग आहे, पण सीसीटीव्हीचं काय करणार, एच.२६४ व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, त्यात परत पिळून काही निघत नाही. (आणि फ्लॅशवर सीसीटीव्ही ठेवायचं डोकं कोणाचं? एनव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमध्ये) साध्या हार्ड डिस्क टाका, पैसे वाचतील.)

आता या डेटा रिडक्शन पूलची खोड सांगतो. पिंपळगावकडचं द्राक्षाचं पॅकहाऊस बघितलंच असेल. खराब मणी काढले की क्रेट अर्धे रिकामे होतात, मग दोन अर्ध्यांचा एक भरायचा, पण त्यासाठी बाजूला रिकामे क्रेट लागतात. हा पूल तसाच चालतो, बदललेला डेटा जुन्या जागेवर न लिहिता नव्या जागी लिहितो, जुना पडून राहतो आणि मागून गार्बेज कलेक्शन तो आवरत बसतं. म्हणून 15 टक्के तरी जागा मोकळी ठेवायचीच. सातपूरला एका ठिकाणी मी 92 टक्के भरलेला पूल बघितलाय, महिनाअखेरीला इनव्हॉइसची एन्ट्री मारली की स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहायचं, आणि बिचारे नेटवर्कवाल्याला शिव्या घालत होते.

तिप्पटचा आकडा व्हेंडरकडून लेखी घ्या. त्याआधी तुमच्याच डेटावर आयबीएमचं कॉम्प्रेस्टिमेटर (डेटा किती दाबला जाईल त्याचा अंदाज देणारं टूल) चालवा, डिड्युपसाठी डेटा रिडक्शन एस्टिमेटर. डेटाबेस आतूनच एन्क्रिप्टेड असेल तर त्यातून काहीच वाचणार नाही, हेही विचारून घ्या.

फ्लॅशकोअर असतील आणि डिड्युपमधून फार काही निघत नसेल तर मी सरळ स्टँडर्डच केला असता. फक्त फिजिकल कपॅसिटीवर अलर्ट लावा, वरून दिसणाऱ्या आकड्यावर नाही. आतली खरी जागा संपली की व्हॉल्यूम ऑफलाइन जातात, मग रात्री दोनला फोन तुम्हालाच येणार.