वाचकांचे प्रश्न : काकूंचा डबा आणि काकूंची वही

प्रश्न : माझ्या मुलाला सिलिअ‍ॅक रोग, म्हणजे गहू, बार्ली यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार, असल्यामुळे आमच्या घरातून गहू, रवा आणि मैदा हद्दपार झाले आहेत. नाशिकमध्ये अशा कुटुंबांचा आमचा एक गट आहे. ज्यांच्यामुळे आम्ही एकत्र आलो, त्या काकूंनाही हाच रोग असून गव्हाविना करायच्या पदार्थांचे त्यांनी स्वखर्चाने छापलेले पुस्तक आमच्या प्रत्येकीच्या ओट्यावर असते. काही आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून काकूंचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, परंतु अशक्तपणा फार आहे आणि सूनबाई एकट्याच त्यांचे सगळे पाहतात. आता कोणी डबे पाठवते, कोणी निधी जमवू म्हणते, तर कोणी काकूंची अप्रकाशित पाककृतींची वही छापून विक्रीचे पैसे त्यांना द्यावेत असे सुचवते. त्यातच पुस्तकाच्या एका चाहतीने प्रेमाने पाठवलेल्या थालीपिठांच्या भाजणीत गहू निघाला आणि काकूंचे पोटाचे फार हाल झाले. घरचे मात्र विचारतात, ना नात्याची ना गोत्याची बाई, तिच्यासाठी एवढी धावपळ कशाला? आम्ही नेमके काय करावे?

उत्तर : आपला गट काकूंना ज्या गोष्टीत सर्वांत अधिक उपयोगी पडू शकतो, ती गोष्ट म्हणजे निर्धोक अन्न, आणि भाजणीच्या प्रसंगावरून दिसते की सध्या नेमके तेच धोक्यात आले आहे. डबे आजच थांबवावेत. ज्या घरांत गहू अजिबात येत नाही अशी दोन-तीन घरे निवडावीत, सूनबाईंना विचारून वार ठरवून घ्यावेत आणि इतरांनी रात्रीची सोबत, औषधे आणणे, बँकेची कामे अशी स्वयंपाकाबाहेरची कामे वाटून घ्यावीत. कोणाचे मन दुखावेल म्हणून डबा स्वीकारण्याची वेळ त्या थकलेल्या सूनबाईंवर येऊ देऊ नये. नकार द्यायचे काम गटातील एखाद्या खमक्या सदस्याकडे सोपवावे.

पारंपरिक भाजणीत बहुधा मूठभर गहू असतो, हे पुष्कळांच्या लक्षातही येत नाही. त्याहून फसवा प्रकार हिंगाचा. बाजारातील बांधानी हिंगात हिंगाच्या जोडीला बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, त्यामुळे निव्वळ मूगडाळ-तांदळाची खिचडीसुद्धा फोडणीपाशी बिघडते. डबीवरील घटकांची यादी वाचल्याशिवाय हिंग वापरू नये, किंवा काही दिवस हिंगाविना भागवावे. आजारी माणसाला ताकद यावी म्हणून आणली जाणारी माल्टची पेये बार्लीपासून, आणि कित्येकदा गव्हापासूनही, केलेली असतात. तीही वर्ज्य समजावीत. पुन्हा रुग्णालयात जावे लागलेच, तर दलिया, शेवयांची खीर, टोस्ट आणि मैदा लावून दाट केलेले सूप हे नेहमीचे हलके पदार्थ काकूंसाठी नाहीत, हे दाखल होतानाच आहारतज्ज्ञांना लेखी द्यावे आणि गोळ्यांमधील स्टार्च कशाचा आहे हे औषधविक्रेत्याला विचारावे. पाकीटबंद पदार्थांवर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचे असेल, तर ग्लुटेनचे प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. कढईतला झारा आधी गव्हाच्या पदार्थाला लागला असेल, तर मात्र ही चिठ्ठी निरुपयोगी ठरते. आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी. या रोगात आतड्याच्या अस्तराची हानी झाल्यामुळे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही आणि हाडे ठिसूळ होऊ शकतात, म्हणून हाडांची घनता तपासली आहे का, हे अवश्य विचारावे.

वहीबद्दल मात्र सबुरीने घ्यावे. ती काकूंची आहे, आणि त्या अंथरुणावर असल्या तरी त्यांचा होकार-नकार शाबूत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाचे हक्क लेखकाकडे असतात आणि ते दुसऱ्याला देण्यासाठी लेखकाच्या सहीचा लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षांची धरली जाते. काकूंची इच्छा असेलच, तर छपाईची घाई करण्याऐवजी पदार्थ करून पाहण्याचे काम गटाने घ्यावे. घरगुती वह्यांत ‘दोन वाट्या पीठ, पाणी अंदाजाने’ असे लिहिलेले असते, आणि ती वाटी कोणती हे फक्त लिहिणारीलाच ठाऊक असते. काकूंच्या फडताळातील तीच वाटी घेऊन त्यात ज्वारीचे, तांदळाचे, राजगिऱ्याचे पीठ किती ग्रॅम बसते ते वजनकाट्यावर मोजावे आणि काकूंना दिवसातून एखादाच प्रश्न विचारावा, तोही त्यांना बोलावेसे वाटेल तेव्हा. पदार्थात स्वतःच्या सुधारणा घुसडू नयेत.

निधी गोळा करायला हरकत नाही, पण काकूंच्या खात्यात सरसकट पैसे टाकू नयेत. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर वरचीच नव्हे, सगळी रक्कम प्राप्तिकरासाठी उत्पन्न धरली जाते. आधी सनदी लेखापालाला विचारावे, आणि त्याही आधी त्यांना पैशांची गरज आहे का, हे सूनबाईंना विचारावे.

आता घरच्यांचा प्रश्न. गव्हामुळे हा रोग बळावतो, हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात मांडले. परंतु गहू सोडा, एवढे सांगून वैद्यक थांबले. मग रोज खायचे काय, हे स्वयंपाकघरालाच शोधावे लागले. अमेरिकेत सिएटलच्या बेट हॅगमन यांना सत्तरच्या दशकात या रोगाचे निदान झाले, तेव्हा दुकानात ग्लुटेनविरहित पाव मिळणे दुरापास्त होते. त्यांनी तांदळाचे पीठ, बटाट्याचा स्टार्च आणि टॅपिओका यांचे मिश्रण ठरावीक प्रमाणात करून, त्याला झँथन गमने चिकटपणा आणून पाव-केक जमवले आणि १९९० पासून एकामागून एक पुस्तके लिहिली. ज्या कंदापासून टॅपिओका निघतो त्यापासूनच आपला साबुदाणा होतो, आणि त्यांच्या पुढच्या एका मिश्रणात चक्क ज्वारीचे पीठ आहे. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले, पण त्यांची प्रमाणे आजही अनेक घरांत वापरली जातात. वाढदिवसाला आपल्या मुलाला केक मिळावा, त्याला चारचौघांत वेगळे बसावे लागू नये, ही सोय काकूंसारखी जी बाई करून देते तिला नात्यागोत्याच्या यादीत कुठे बसवायचे, हे आपल्या घरच्यांनी ठरवावे. माझ्या मते ती यादी फार आखूड आहे.

प्रश्न : मी वरील गटातील नाही, पण काकूंची शेजारीण आहे. त्यांना माझ्या हातची ज्वारीची भाकरी आवडते. ज्वारीत ग्लुटेन नसते, मग मी भाकरी करून दिली तर चालेल का?

उत्तर : ज्वारी चालेल, आपल्या घरातील पीठ चालेलच असे नाही. गिरणीत आधी गहू दळला असेल, तर तो ज्वारीच्या पिठात उतरतो. ज्वारी निवडताना गव्हाचे दाणे वेचून काढावेत आणि ती काकूंच्या गटातील एखाद्या घरघंटीवर दळून घ्यावी. ज्या लाकडी काथवटीत कधी कणीक मळली आहे ती कितीही घासली तरी वापरू नये. पोळ्यांचा तवाही नको. सर्वांत सोपे म्हणजे, काकूंच्याच घरी जाऊन त्यांच्याच पिठाची, त्यांच्याच तव्यावर भाकरी थापावी.