प्रश्न तुमचे: लंडनच्या ऑफिसात बदली कधी मागावी?

प्रश्न: नोव्हेंबर 2024 च्या परीक्षेत सीए झाले. आर्टिकलशिप (सीएचं प्रत्यक्ष प्रशिक्षण) जिथे केली त्याच फर्मच्या येरवड्याच्या ऑफिसात स्टॅच्युटरी ऑडिटला (कायद्याने सक्तीच्या हिशेबतपासणीला) आहे. वय 25. आमच्याच नेटवर्कच्या लंडन ऑफिसात बदली हवी आहे. मॅनेजर म्हणतात, ‘आत्ता नको, सप्टेंबर जाऊ दे.’ टाळताहेत का? की राजीनामा देऊन थेट तिकडे अर्ज करू? — एक वाचक, कोथरूड

उत्तर: टाळत नसावेत. 31 मार्चला संपलेल्या वर्षाच्या फायली, 30 सप्टेंबरपर्यंतच्या एजीएम (भागधारकांच्या वार्षिक सभा), मध्येच टॅक्स ऑडिट. या दिवसांत हाताखालचा सीनियर कोणीच सोडत नाही. पण ते त्यांचं कॅलेंडर झालं. लंडनच्या बहुतेक मोठ्या क्लायंटचं वर्ष 31 डिसेंबरला संपतं, खरी धावपळ जानेवारी ते मार्च. माणूस रुळायला हवा म्हणून त्यांना तो सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत टेबलावर हवा असतो. म्हणजे बोलणी फेब्रुवारी ते मेमध्ये व्हायला हवीत. सप्टेंबर संपल्यावर विषय काढलात तर एक अख्खं वर्ष गेलं. मॅनेजरला सांगा, ‘जायचं सप्टेंबरअखेरीस, बोलायचं आत्ता,’ आणि तेच दोन ओळींच्या मेलमध्ये पार्टनरलाही कळवा. चहाच्या टपरीवर झालेलं बोलणं अप्रेझलच्या वेळी कोणाला आठवत नाही.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते. नाव एकच असलं तरी प्रत्येक देशातली फर्म कायद्याने वेगळी असते. पुण्याचे पार्टनर शिफारस करतील. जागा, पगार आणि व्हिसाचा खर्च लंडनच्या एखाद्या टीमच्या बजेटमधून येतो. त्यामुळे तिथल्या कोणालातरी तुमचं काम माहीत असणं हे एचआरच्या फॉर्मपेक्षा मोलाचं. सोपा रस्ता म्हणजे ग्रुप रिपोर्टिंगची, म्हणजे परदेशी मूळ कंपनीच्या ऑडिटरला अहवाल द्यायची, फाईल मागून घ्या. ब्रिटिश कंपनीची चाकण किंवा रांजणगावची उपकंपनी असेल, तर लंडनहून ग्रुप ऑडिटच्या सूचना येतात, मटेरियॅलिटीचा (किती रकमेपुढची चूक महत्त्वाची धरायची त्याचा) आकडा येतो, ठरलेल्या तारखेला रिपोर्टिंग मेमो पाठवावा लागतो. तो मेमो वेळेत आणि न विचारता समजेल असा गेला, तर दोन सीझनमध्ये तिथला मॅनेजर तुम्हाला नावाने ओळखतो.

मुलाखतीत इंड-एएस (भारतातली हिशेबाची मानकं) पाठ आहे एवढ्यावर भागत नाही. आयएफआरएसपासून (आंतरराष्ट्रीय मानकांपासून) ते कुठे फुटतं ते विचारतात. उदाहरणार्थ, कंपनी स्वस्तात विकत घेतल्याचा फायदा आयएफआरएसमध्ये नफ्या-तोट्यात जातो, आपल्याकडे सहसा ओसीआयमार्गे (नफ्या-तोट्याबाहेर दाखवायच्या इतर उत्पन्नातून) कॅपिटल रिझर्व्हमध्ये. तिथल्या मध्यम कंपन्या एफआरएस 102 हे ब्रिटनचं स्वतःचं मानक वापरतात. 1 जानेवारी 2026 पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी त्यात भाडेकरार ताळेबंदावर आले आणि रेव्हेन्यूची पाच पायऱ्यांची पद्धत आली. तुम्ही इंड-एएस 116 ची (आपल्याकडच्या भाडेकरारांच्या मानकाची) लीज शीट स्वतः तपासली असेल तर ते ठळक सांगा. हे काम त्यांच्याकडे नवं आहे.

ऑफर आली की आधी विचारा: सेकंडमेंट की कायमची बदली? सेकंडमेंटमध्ये (ठरावीक मुदतीच्या बदलीत) पुण्याची नोकरी राखीव राहते आणि मुदत संपली की परत यायचं. कायमच्या बदलीत इथला राजीनामा आणि तिथला नवा करार, म्हणजे ग्रॅच्युइटीची पाच वर्षं इथेच तुटतात. व्हिसाही विचारा. स्किल्ड वर्कर व्हिसावरची वर्षं कायमच्या वास्तव्यासाठी धरली जातात. ग्लोबल बिझनेस मोबिलिटी या कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावरची नाहीत. स्किल्ड वर्करची सर्वसाधारण पगारमर्यादा जुलै 2025 पासून 41,700 पौंड आहे. अर्जाच्या दिवशी वय 26 च्या आत असेल तर 33,400 (त्या पदाच्या ठरलेल्या दराचे 70 टक्के याहून जास्त असतील तर ते). तुमचं वय 25, म्हणजे पुढच्या वाढदिवसाची तारीख एचआरला नक्की कळवा. नियम वरचेवर बदलतात, अर्जाच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर आकडे पुन्हा पाहा.

कागदपत्रांत अडतं ते इंग्रजीच्या पुराव्यावर आणि टीबी (क्षयरोग) नसल्याच्या दाखल्यावर. 8 जानेवारी 2026 पासून स्किल्ड वर्करसाठी इंग्रजीची पातळी बी2 (मध्यमच्या वरची) झाली आहे. बी.कॉम.च्या जोरावर ती दाखवायची असेल तर विद्यापीठाचं माध्यमाचं पत्र आधीच काढून ठेवा. टीबीचा दाखला सहा महिनेच चालतो, म्हणून तो फार लवकर काढू नका. लंडनच्या फर्मकडून स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट मिळाल्यापासून तीन महिन्यांत व्हिसाचा अर्ज करावा लागतो.

थेट अर्ज जरूर करा, पण व्हिसा हातात पडेपर्यंत राजीनामा नको. नोटीस पीरियड लांबला तर रुजू व्हायची तारीख पुढे ढकलून मिळते. गेलेली नोकरी परत मिळत नाही.

प्रश्न: खराडीत एका डिलिव्हरी सेंटरमध्ये (परदेशी ऑफिसांचं काम इथून करून देणाऱ्या केंद्रात) दोन वर्षं लंडनच्याच फायली करतो. मग बदलीच्या मुलाखतीत नापास का झालो? — एक वाचक, वाघोली

उत्तर: सेंटरमध्ये सहसा तुकडे येतात: बँक कन्फर्मेशन (शिल्लक बँकेकडून पडताळणं), स्थिर मालमत्तेचं टेस्टिंग, बेरजा जुळवणं. मुलाखतीत मात्र ‘रेव्हेन्यूची रिस्क इतकी का धरली?’ हे विचारतात, आणि ‘वर्कपेपर (तपासणीचा कागद) तसा आला होता’ म्हटलं की संपलं. एखादा सेक्शन, साधा का असेना, प्लॅनिंगपासून निष्कर्षापर्यंत आणि क्लायंटच्या कॉलसकट मागून घ्या.

प्रश्न: 45,000 पौंड म्हणजे हातात किती? खर्च कोण करतं? — एक वाचक, चिंचवड

उत्तर: आयकर सुमारे 6,486 आणि नॅशनल इन्शुरन्स (तिथली सामाजिक सुरक्षेची सक्तीची वर्गणी) 2,594 जाऊन महिना साधारण 2,990 पौंड. पेन्शनची कपात वेगळी, आणि भाडं, कौन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी) व प्रवास त्यातूनच. रुपयांत गुणाकार करून घरी सांगू नका, फसगत होते. हेल्थ सरचार्ज (व्हिसासोबतचा आरोग्यसेवेचा आकार) माणशी वर्षाला 1,035 पौंड, व्हिसा जितक्या वर्षांचा तितका एकदम भरायचा. फर्म भरणार का, आणि वर्षभरात नोकरी सोडली तर किती परत मागणार, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. विमान 28 सप्टेंबरपर्यंत पकडलंत आणि मार्चपर्यंत परत आला नाहीत, तर त्या आर्थिक वर्षात भारतात 182 दिवस भरत नाहीत आणि तिथला पगार इथे सहसा करपात्र होत नाही. बचत खातं मात्र एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) करून घ्यावं लागतं. चालू पीपीएफ मुदतीपर्यंत ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही.