बाळाच्या लोशनमधले प्रिझर्व्हेटिव्ह: सुरुवात कुठून करायची

ताई, प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे लोशनमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून घातलेले पदार्थ. लेबलवरची त्यांची लांबलचक नावं पाहून घाबरू नका. आधी दोनच गोष्टी तपासा.

१. धुऊन टाकायचं की अंगावर राहणारं? मिथाइलआयसोथायाझोलिनोन या प्रिझर्व्हेटिव्हमुळे त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. युरोपात अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत ते २०१७ पासून चालत नाही, शाम्पूसारख्या धुऊन टाकायच्या प्रसाधनांत ०.००१५ टक्क्यांपर्यंत चालतं.

२. कुठे लावायचं? लंगोटाखालची कातडी ओली, झाकलेली, घासलेली असते, म्हणून तिथे शोषण वाढतं. ३ वर्षांखालच्या मुलांच्या त्या जागी लावून ठेवायच्या क्रीममध्ये युरोपने प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेन या प्रिझर्व्हेटिव्हवर बंदी घातली आहे.

वजनाच्या मानाने नवजात बाळाच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्यांच्या २.३ पट असतं, हेही ध्यानात ठेवा.

नवीन लोकांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री’ला सुरक्षित समजणं. आपल्या नागपुरातला मे महिना आठवा. पारा ४५ वर, पाण्याचं लोशन खिडकीशी, आणि घाईत त्यात दिवसातून चारदा ओलं बोट जातं. त्या डबीत जंतू वाढायला वेळ लागत नाही, आणि ते बाळाच्या फुटलेल्या कातडीवर जातात. मला तरी हा धोका जास्त वाटतो. डबीऐवजी पंपाची बाटली घ्या. नुसत्या तेलात पाणी नसतं, तिथे ही काळजी कमी.

विषशास्त्राचे अहवाल नंतर वाचू. आज घरातली एक बाटली उलटी करा, यादी वाचा आणि वरचे दोन प्रश्न तिला लावून बघा. नक्की जमेल तुम्हाला.