नाश्ता हवाच का? दर दोन तासांनी खावं की दोनदाच जेवावं?

नाश्ता करावा की सोडावा, असं तुम्ही विचारलंत. तुमचं वय चाळीसच्या पुढे, मधुमेह नाही, वजन मात्र वाढलंय. आणि सल्ले दोन टोकांचे. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडं थोडं खायला सांगतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित, डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीच्या आधाराने, कडक भूक लागेल तेव्हा दोनदाच जेवा आणि 55 मिनिटांत जेवण उरका म्हणतात. महाराष्ट्रात निम्म्या घरांत यावरून वाद होतात, त्यामुळे तुमचा गोंधळ अगदी साहजिक आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. थोडं थोडं खाल्लं की चयापचय वाढतो, असं सर्रास सांगतात. अन्न पचवायला शरीर त्या अन्नातल्या उष्मांकांपैकी साधारण 10 टक्के खर्च करतं. दिवसाला 1800 उष्मांक तीनदा विभागले तर प्रत्येक वेळी 60, सहादा विभागले तर 30. बेरीज दोन्हीकडे 180च. फरक पडतो तो प्रथिनांमुळे. ती पचवायला त्यांच्यातले 20 ते 30 टक्के उष्मांक खर्ची पडतात, शिवाय पोट जास्त वेळ भरलेलं राहतं.

नाश्ता टाळला की वजन वाढतं, हेही प्रयोगांत टिकलं नाही. 2019 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 13 प्रयोगांचा एकत्रित आढावा आला. नाश्ता करणारे दिवसाला सुमारे 260 उष्मांक जास्त घेत होते आणि त्यांचं वजन सरासरी जास्त भरलं, पण तो फरक अर्ध्या किलोपेक्षाही कमी होता. प्रयोग अल्पकाळाचे होते, त्यामुळे त्यावरून नाश्ता वाईट असं मी म्हणणार नाही. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात नाश्ता करणाऱ्यांची सकाळची हालचाल जास्त आढळली, वजनात फरक नव्हता.

दोन जेवणांच्या बाजूने प्रागचा 2014 सालचा प्रयोग दाखवतात. टाइप 2 मधुमेहींना तेवढेच उष्मांक सहादा न देता दोनदा दिले, तेव्हा वजन जास्त उतरलं. पण ती दोन जेवणं सकाळची आणि दुपारची होती! आपल्याकडे सकाळ सोडून रात्री साडेनऊला दुसरं जेवण करतात आणि तोच दाखला देतात, ते बरोबर नाही.

आता ताटलीकडे या, कारण खरी गडबड तिथे आहे. 60 ग्रॅम कोरडे पोहे, दोन चमचे तेल, 10 ग्रॅम शेंगदाणे: सुमारे 350 उष्मांक आणि प्रथिनं जेमतेम 6-7 ग्रॅम. वर गोड चहा. अकरा वाजता पोटात कावळे ओरडायला लागले तर नवल नाही. तेच पोहे 40 ग्रॅम घ्या, शेंगदाणे 20 ग्रॅम करा, वाटीभर मटार किंवा मोड आलेली मटकी घाला, सोबत एक उकडलेलं अंडं. प्रथिनं 18 ग्रॅमच्या आसपास जातात. मटकी आधी पाच-सात मिनिटं वाफवून घ्या. पोह्यांच्या दोन मिनिटांच्या वाफेत ती शिजत नाही, करकरीत राहते आणि मग घरचे नाकं मुरडतात. अंडं नको असेल तर 50 ग्रॅम मूग रात्री भिजवून मिरची-आल्यासोबत वाटा, दोन-तीन धिरडी होतात, 12 ग्रॅम प्रथिनं मिळतात.

दर दोन तासांच्या खाण्याचं काय होतं तेही सांगतो. जुनं काही कमी होत नाही, नवं वाढतं. चहा-बिस्किट, नाश्ता, अकराचा चहा, जेवण, चारला चहा-खारी, सातला फरसाण आणि रात्री पुन्हा पूर्ण ताट. चार कप चहात दोन-दोन चमचे साखर म्हणजे 40 ग्रॅम, 160 उष्मांक, आणि ते कुणी मोजतच नाही. दातांचंही नुकसान होतं: प्रत्येक गोड घोटानंतर तोंडातलं आम्ल ओसरायला अर्धा तास तरी जातो.

घरात कुणी मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल, तर त्यांनी स्वतःच्या मनाने खाणं सोडू नये. रक्तातली साखर 70च्या (मिग्रॅ/डेसिलिटर) खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. गरोदर बाईनेही दोन जेवणांच्या फंदात पडू नये. थायरॉइडची गोळी मात्र उपाशीपोटीच, आणि नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही.

तुमच्यापुरतं: तीन आठवडे वरचा भरपूर प्रथिनांचा नाश्ता, दुपारचं जेवण आणि रात्री आठपर्यंत हलकं जेवण, मध्ये फक्त पाणी किंवा पातळ ताक. मग तीन आठवडे नाश्ता सोडून बाकी तेच. आठवड्यातून एकदा सकाळी शौचानंतर त्याच काट्यावर वजन आणि बेंबीपाशी कंबर मोजा. नाश्ता सोडल्यावर चार वाजता हात फरसाणाच्या डब्याकडे जात असेल, तर तुम्हाला नाश्ता हवाय. दुपारपर्यंत भूकच जाणवत नसेल, तर केवळ कुणी सांगितलं म्हणून खाऊ नका.