तिरकिट दुगुनीत अडकतं? माझी दोन वर्षं तिथेच गेली

'४२ व्या वर्षी तबला धरलाय, बराबरीत तिरकिट स्वच्छ, दुगुनीत बोटं गोठतात, आणि क्लासमध्ये दर चुकीला १० रुपये दंड.' तुमचं हे वाचून क्षणभर वाटलं, मीच जुन्या आयडीने लिहिलंय. (नवख्यांसाठी: तिरकिट हा तबल्याचा बोल, बराबरी म्हणजे मूळ लय, दुगुन म्हणजे तिच्या दुप्पट.)

बैठक, हाताची ठेवण हे गुरुजींनी दाखवलंच असेल, ते सोडतो.

माझी घोडचूक अशी की ति-र-कि-ट वाजवताना 'मधलं-अनामिका, तर्जनी, डावा, परत मधलं' हा बोटांचा जप मी सोडलाच नाही. पहिले काही आठवडे तो हवाच, नाहीतर बोट कुठे पडायचं हेच कळत नाही. पण दुगुनीत मनातला हिशोब हाताच्या मागे राहतो. अडखळलो की मी आणखी बारकाईने बोटांकडे बघायचो, आणि आणखी अडखळायचो.

मॅझोनी आणि क्राकाउर या संशोधकांचा २००६ चा एक प्रयोग आहे. पडद्यावरचा कर्सर हाताच्या दिशेपासून ४५ अंश वळवला आणि लोकांना युक्ती सांगितली: शेजारच्या खुणेवर नेम धरा. लगेच जमलं. मग सराव वाढला तशी चूकही वाढली! शरीराचं आपलं शिकणं युक्तीला न विचारता चालूच होतं. कर्सर म्हणजे तबला नव्हे, मान्य. पण मला हायसं वाटलं.

आता दंड. गॅलिया आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या प्रयोगात चुकीला पैसे कापले ते लोक लवकर सुधारले, पण शिकलेलं जास्त टिकलं ते बक्षीसवाल्यांचं. आमच्या क्लासात तेच. शनिवारी भीतीने हात साफ, मंगळवारी पाटी कोरी. बोललो तर उत्तर, 'परीक्षा जवळ आलीय.' परीक्षा कायमच जवळ असायची! सोडताना वर्षाची आगाऊ फीसुद्धा बुडाली. महिन्यामहिन्यानेच भरा, हा फुकटचा सल्ला.

मला कशाने सुटलं? आधी पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, तीही मोठ्याने. मग लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी धून) लावून वाजवताना कान फक्त नादावर, बोटांची चौकशी बंद. लय रोज कणभरच वाढवायची. सलग दहा आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे) साफ गेली की चहा. हसू नका, चहासाठी मी अकरावंही वाजवलंय.

मी तबलजी नाही, निवृत्त बँकवाला आहे. बोटं घराण्यागणिक बदलतात, तिथे गुरूंचंच ऐका. मनगट दुखत असेल तर रियाज थांबवून डॉक्टरांकडे जा. आणि पावडर जरा कमी, शाईवर (तबल्यावरच्या काळ्या गोलावर) बसते.

दुगुनीचं रेकॉर्डिंग टाका, ऐकतो. दंड किती झाला आतापर्यंत? माझा साडेचारशे, तोही पाच रुपयांच्या दराने.