न्यूझीलंडला पीएचडी करायचीय? आधी सड्यावरचं काम नीट मांडा

तुम्ही लिहिलंय की शिवाजी विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालीय, सुट्टी मिळाली की मसाई पठार नाहीतर दाजीपूर ठरलेलं, आणि आता न्यूझीलंडला पर्यावरणशास्त्रात पीएचडी करायचीय.

पीएचडीच्या परदेशी विद्यार्थ्याला तिथे स्थानिकांइतकीच फी पडते. मास्टर्सला मात्र ती कित्येक पट असते, म्हणून दुसऱ्यांदा मास्टर्सच्या फंदात शक्यतो पडू नका. अर्ज अडतो तो संशोधनाच्या अनुभवावर, कारण आपल्या मार्कशीटवर नुसतं ‘प्रोजेक्ट’ आणि गुण एवढंच असतं. तेव्हा दोन पानं स्वतः लिहा: सड्यावर (कातळाच्या पठारावर) किती क्वाड्रट, म्हणजे वनस्पती मोजायला आखलेले चौकोन, टाकले, एक मीटरचेच का, कोणत्या महिन्यांत गेलात, गवतांची ओळख कुठल्या हर्बेरियममधून (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातून) पक्की केली, आकडेमोड कशात केली. निसर्गाची आवड सगळेच लिहितात. जुलैत आणि सप्टेंबरअखेरीस त्याच चौकोनात काय बदललं, हे लिहिणारा उमेदवार मार्गदर्शकाच्या लक्षात राहतो. ही पानं जोडून आधी मार्गदर्शकाला मेल करा, विद्यापीठाचा फॉर्म नंतर.

एक गोष्ट मनाशी पक्की करा. राधानगरीत आपण गवा राखतो. न्यूझीलंडमध्ये जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. उंदीर, स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी), पॉसम (झाडांवर राहणारा पिशवीवाला प्राणी) हे सगळे बाहेरून आलेले, आणि तिथले पक्षी वाचवायचे तर या प्राण्यांना मारावं लागतं. 2050 पर्यंत हे शिकारी प्राणी संपवायचं सरकारी उद्दिष्टच आहे. हे पटत नसेल तर विषय वनस्पतींचाच धरा.

मार्कशीटवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी असेल तर ट्रान्स्क्रिप्ट (विद्यापीठाचा सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा) काढण्याआधीच त्याचा खुलासा करून घ्या.

वाळवलेले नमुने, बिया बॅगेत अजिबात नकोत. संशोधनासाठी नमुने लागणारच असतील तर 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आधी लागते, शिवाय तिकडचे आयात नियम वेगळे.

आणि बूट! तळव्याच्या खाचांत आपली तांबडी माती घट्ट बसते, तिच्यात गवताचं बी असतं. जुन्या टूथब्रशने, साबणाच्या पाण्याने खाच न् खाच घासा, लेस काढून जीभ उलटी करून बघा, दोन दिवस उन्हात वाळवा. तंबूच्या खुंट्यांचंही तेच. प्रवासी घोषणापत्रात वापरलेल्या बुटांना ‘हो’ लिहा. घोषित केलेले बूट मळके निघाले तर ते साफ करायला घेतात; लपवलेत तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड.